दोन राण्या आणि माझा दीर

१० नोव्हेंबर १५६९

त्या सकाळी मी चुलीतली राख काढली, कोंबड्या सोडल्या आणि लोणी काढायला बसले. लोणी काही केल्या येत नव्हतं. बर्ट्रम दारात उभा राहून म्हणाला, "हात बदल. उजव्या हाताला ते दूध ओळखायला लागलंय." मी म्हटलं, "तू तुझ्या चुन्याकडे बघ." एवढंच बोलणं झालं. चुन्याची बादली घेऊन तो चर्चमध्ये गेला आणि दुपारी त्याला फळीवर घालून आणलं. तोवर लोणी आलं होतं. मी ते फेकलं नाही. मीठ घालून ठेवलं आणि हिवाळाभर खाल्लं. दुसरं काय करणार होते?

आज त्याला तीन वर्षं झाली. बर्ट्रम गवंडी होता. चर्चच्या भिंतीवरचे संत आधी त्यानेच चुन्याखाली झाकले, कारण तेव्हाच्या राजाला ते नको होते. मग मागची राणी आली, तिला ते हवे होते, म्हणून त्यानेच खरवडून बाहेर काढले. मग ही राणी आली. पुन्हा झाकताना तो शिडीवरून पडला. या सगळ्या काळात देव मात्र एकच होता, असं पाद्री सांगतात.

रात्रीच्या जेवणाला निनियन उशिरा आला. हा बर्ट्रमचा धाकटा भाऊ, माझा दीर. बर्ट्रम होता तेव्हापासून याच घरात राहतो आणि तेच काम करतो, पण अर्ध्या वेगाने. वाटी पुढे ओढून म्हणाला, "वहिनी, जुना धर्म परत आला तर पोपचंही चालायला लागेल ना?"

"चालेल. तुला काय त्याचं?"

"पोप म्हणे परवानगी देतो. जे एरवी चालत नाही, त्याचीसुद्धा."

"तुला काय चालत नाही? शुक्रवारी मांस खायचंय?"

"तसं नाही."

त्याचे कान लाल झाले. चुलीजवळ बसलं की त्याचे होतातच. त्याच्या मोज्यांना टाचेशी ठिगळ लावून ठेवलं. घरात दुसरं कोण लावणार?

१६ नोव्हेंबर

आज बंड आमच्या गावात आलं.

बंड कशाचं, ते लिहून ठेवते, म्हणजे मलाच ते किती खुळं आहे हे दिसेल. लंडनमध्ये एक राणी आहे. स्कॉटलंडची एक राणी आहे, तिला तिच्याच लोकांनी हाकललं, म्हणून ती आश्रयाला इकडे आली आणि आमच्या राणीने तिला कैदेत ठेवलं. नात्याने ती आमच्या राणीच्या आत्तेभावाची मुलगी. पण राण्यांमध्ये आत्या-भाची नसते, म्हणून एकमेकींना बहीण म्हणतात. लंडनची नव्या धर्माची, स्कॉटलंडची जुन्या. जुने लोक म्हणतात, लंडनच्या राणीच्या आईबापांचं लग्नच खरं नव्हतं, म्हणून सिंहासन दुसरीचं. आमच्याकडे दोन बहिणी भांडल्या तर विहिरीवर एकमेकींच्या झिंज्या धरतात आणि संध्याकाळी एकीच्या घरचा विस्तव दुसरी मागून नेते. या दोघींनी एकमेकींचं तोंडही पाहिलेलं नाही. त्यांच्या झिंज्या धरायला आमच्याकडचे दोन सरदार निघालेत, आणि सरदारांच्या मागे सगळा डरहॅम परगणा.

सगळ्यात पुढे घोड्यावर रोलंड होता. त्याचं शेत माझ्या शेताला लागून आहे. छातीवर लाल क्रॉस शिवून घेतला होता, आणि शिवणारणीने तो वाकडा शिवला होता. त्यांनी चर्चमध्ये जाऊन नवं प्रार्थनापुस्तक फाडलं. मग साखळीने बांधलेलं इंग्रजी बायबल साखळीसकट ओढून चौकात आणलं आणि जाळलं.

बर्ट्रम थडग्याच्या दगडावर कोरायचा ती अक्षरं बोटाने गिरवत मी वाचायला शिकले. मग दर रविवारी सगळे गेल्यावर त्या बायबलापाशी उभी राहून एकेक ओळ लावायची. त्यातली रूथ नावाच्या विधवेची गोष्ट पूर्ण व्हायला मला एक उन्हाळा लागला. या गावात मला वाचता येईल असं तेवढं एकच पुस्तक होतं. नव्या धर्माने संत झाकले, जुन्याने पुस्तक जाळलं. दोघांनाही माझ्यासारखीने बघण्यासारखं काही ठेवायचं नाही, एवढ्यावर त्यांचं एकमत आहे.

शेजारची एलेन डोळे पुसत म्हणाली, "थॉमसीन, लॅटिन प्रार्थना ऐकून किती बरं वाटलं गं!"

"तुला कळली?"

"कळायची काय गरज आहे? प्रार्थना आहे ती."

परत आले तर निनियन कुऱ्हाड घेऊन अंगणात. रोलंड माणसं गोळा करतोय आणि रोज मजुरी देणार आहे, असं म्हणाला.

मी म्हटलं, "तुला लढता येतं का? परवा कोंबडी मारताना रडायला आला होतास."

"चालायचं आहे फक्त, वहिनी. यॉर्कपर्यंत. तिकडून त्या राणीला सोडवायचं, मग सगळं पहिल्यासारखं."

"पहिल्यासारखं म्हणजे कसं?"

"पोपचं राज्य."

"पोप काय तुला घर बांधून देणार आहे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाला, "मजुरी बरी आहे." पैशापायी माणूस इतका आंधळा होतो. शिदोरीला ओटची भाकरी आणि चीज दिलं. चीजचा मोठा तुकडा दिला, कारण लहान उरलाच नव्हता.

३० नोव्हेंबर

बातमी अशी की ते यॉर्कपर्यंत पोचलेच नाहीत. लंडनच्या राणीने दुसरीला उचलून आणखी दक्षिणेला नेऊन ठेवलं, जशी एलेन मांजराला कळू नये म्हणून साय वरच्या फळीवर ठेवते. सोडवायला राणीच जागेवर नाही म्हटल्यावर सरदारांना थंडी वाजायला लागली.

घर फार शांत आहे. निनियन नसला की शिट्टी नाही, दार आपटणं नाही. बरंच आहे.

२० डिसेंबर

निनियन परत आला. पायाला फोड आलेत, कुऱ्हाड हरवली आणि मजुरी मिळाली नाही. दोन्ही सरदार सरहद्द ओलांडून स्कॉटलंडला पळाले. म्हणजे तिकडची राणी इकडे कैदेत, आणि तिच्यासाठी लढणारे तिकडे लपलेले. मी हसले. निनियन हसला नाही.

मी त्याचे पाय गरम पाण्यात घालून फोड फोडले. तो म्हणाला, "वहिनी, आता नाही व्हायचं ते."

"काय?"

"काहीच."

रोलंडही परतला. गुपचूप, मागच्या वाटेने. वाकडा क्रॉस त्याने उसवून टाकलाय, पण कोटावर त्या जागी कापड गडद राहिलं आहे.

६ जानेवारी

राणीचे शिपाई आले. फौजदाराचा हुकूम चौकात वाचून दाखवला. प्रत्येक गावाने आपल्याकडचे बंडखोर द्यायचे, त्यांना त्याच गावात फाशी, म्हणजे बाकीच्यांना धडा. आमच्या वाट्याला दोघं आलेत. सतरा तारखेला, मंगळवारी, फौजदार स्वतः येणार.

पण या हुकमाला एक शेपूट आहे. ज्याच्याकडे घर-जमीन आहे, त्याला फाशी नाही. त्याने दंड भरायचा आणि राणीच्या नावाने शपथ घ्यायची. फासावरचा माणूस दंड भरत नाही, हे लंडनमध्येही कुणाच्या तरी लक्षात आलं आहे.

माणसं निवडायचं काम या वर्षीच्या गावकोतवालाकडे आणि जहागिरीच्या कारभाऱ्याकडे. गावकोतवाल कोण? रोलंड. ज्याने सगळ्यांना घोड्यावरून बोलावलं तोच आता ठरवणार कोण कोण गेलं होतं. स्वतःचं नाव त्याने दंडवाल्यांत पहिलं घातलं. फाशीला एक टॉम नावाचा फिरता भांडी सांधणारा, ज्याला या गावात आई ना बाप. आणि दुसरा निनियन.

मी तिथल्या तिथे म्हटलं, "याच्या भावाचं घर आहे, शेत आहे."

रोलंड म्हणाला, "भावाचं होतं. आता तुझ्याकडे आहे, विधवेच्या हक्काने. तू जिवंत आहेस तोवर निनियनकडे एक वीतही नाही."

म्हणजे मी जिवंत आहे म्हणून तो मरणार.

निनियनला रोलंडच्या धान्यकोठारात कोंडलंय. जाताना त्याला माझ्याकडे बघून हात हलवायचं सुचलं, जसा काही बाजाराला निघालाय.

९ जानेवारी

दोन दिवस विचार केला. कारभाऱ्याकडे जाऊन जमीन निनियनच्या नावावर करा म्हटलं, तर तो म्हणाला, हक्क सोडायचा तर जहागिरीच्या सभेत सोडावा लागतो आणि सभा उन्हाळ्याआधी नाही. उन्हाळ्यापर्यंत निनियनचं काय उरेल, हे त्यालाही माहीत आहे.

मग मला दुसरा उपाय सुचला. उपाय म्हणूनच सुचला. लग्न केलं की माझा विधवेचा हक्क तिथेच संपतो आणि सभा न होता जमीन वारसाकडे जाते. आम्हाला मूल नाही, म्हणून वारस निनियनच आहे. त्याच्याशीच लग्न केलं तर घरही मोडायला नको. सोपं आहे. आज पाद्रीसाहेबांकडे गेले. बंडाच्या वेळी ते बायको-मुलांसह एका विहिरीत लपले होते, अजून खोकतात.

"माझं निनियनशी लग्न लावून द्या. मंगळवारच्या आत."

त्यांना एवढा खोकला आला की बायकोला पाणी आणावं लागलं. "नवऱ्याच्या भावाशी? अगं बाई, शास्त्रात मनाई आहे! कुठल्याही परवानगीने होत नाही ते!"

"पोपच्यासुद्धा?"

"पोपने दिली होती ना एकदा! त्यानेच तर सगळा घोळ झाला. राणीसाहेबांच्या वडिलांनी आपल्या वारलेल्या भावाच्या बायकोशी लग्न केलं. पोपने परवानगी दिली. वीस वर्षांनी राजेसाहेबांच्या लक्षात आलं की हे पाप आहे."

"वीस वर्षांनी?"

"लक्षात यायला वेळ लागतो. पोप म्हणाला, लग्न मोडता येणार नाही. मग राजेसाहेबांनी पोपलाच बाजूला केलं आणि दुसरं लग्न केलं. त्यातून आपल्या राणीसाहेब. ते दुसरं लग्न जुन्या धर्माचे लोक मानत नाहीत, म्हणून त्यांना स्कॉटलंडची हवी. कळलं?"

कळलं. एका राजाने भावाच्या विधवेशी लग्न केलं आणि त्याला ती आवडेनाशी झाली. त्यावरून धर्म बदलला, चर्चमधले संत झाकले, माझा नवरा शिडीवरून पडला, माझं पुस्तक जळलं, आणि आता दिराच्या गळ्यात दोर. मी त्यांना म्हटलं, "राजाला एकदा चाललं, मग निनियनला का नाही? त्याला तर वीस वर्षं लागणारही नाहीत." त्यांनी मला घराबाहेर काढलं. त्यांच्या बायकोने मात्र दारापर्यंत येऊन हळूच विचारलं, "तुम्हाला तो आवडतो का हो?"

मी म्हटलं, "जमिनीचा प्रश्न आहे."

नव्या धर्मात पाद्र्यांना बायका असतात, आणि त्या फार चौकस असतात.

१२ जानेवारी

रोज दुपारी निनियनला जेवण नेते. आज त्याने विचारलं, "पाद्रीसाहेबांकडे गेली होतीस म्हणे. शिपाई बोलत होते."

"जमिनीचं काम होतं."

"ते म्हणत होते, तू लग्नाचं विचारलंस." तो फळीच्या फटीतून बोलत होता, मला त्याचा एक डोळाच दिसत होता. "खरं का?"

"उपाय होता. नाही म्हणाले."

तो डोळा फटीपासून बाजूला झाला. मग म्हणाला, "पोप हो म्हणाला असता."

"पोप लांब आहे. भाकरी खा."

संध्याकाळी रोलंड घरी आला. टोपी काढली, म्हणजे काहीतरी हवं होतं. "थॉमसीन, तुझ्या भल्यासाठी सांगतो. रोज कोठारापाशी जाणं बंद कर. गाव बोलतंय."

"काय बोलतंय?"

"तुला रीत माहीत आहे. विधवा सचोटीने राहिली तर जमीन तिच्याकडे. पाय घसरला आणि कारभाऱ्यासमोर सिद्ध झालं, तर त्याच दिवशी जमीन गेली. सभेपर्यंतसुद्धा थांबत नाहीत. मला तुझी काळजी वाटते, म्हणून सांगतो. म्हातारपणी तुला सांभाळायचं झालं तर मी शेत खंडाने घेईन, तू निवांत बस."

मी चूल ढोसत होते. ढोसायची थांबले. "त्याच दिवशी जाते?"

"त्याच दिवशी."

"कुणाकडे जाते?"

"नवऱ्याच्या वारसाकडे, अर्थात," रोलंड म्हणाला, आणि मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.

मी त्याला घरची बिअर दिली. जन्मात पहिल्यांदा त्याने मला उपयोगाचं काही सांगितलं होतं.

१४ जानेवारी

एलेनला सांगितलं. ती खुर्चीतच बसली. "तू? तू बर्ट्रमनंतर कुणाकडे मान वर करून पाहिलं नाहीस! कुणाला खरं वाटणार आहे?"

"लोकांना चांगलं खोटं वाटतं. वाईट लगेच खरं वाटतं."

"नाव घ्यावं लागेल. निनियनचं घेतलंस तर दिराबरोबर म्हणून त्यालाही फासाला देतील."

"नाव घेणार नाही."

"आणि नंतर? तोंड दाखवशील कुणाला?"

रात्री बर्ट्रमला सांगितलं, मनातल्या मनात. नवऱ्याशी खोटं बोलणार नव्हते, म्हणून त्याला आधी सांगितलं. तो असता तर म्हणाला असता, हात बदल.

१५ जानेवारी, रविवार

झालं.

प्रार्थना संपल्यावर मी उठून पुढे गेले. कारभारी पहिल्या बाकावर होता. मी म्हटलं, "मी बर्ट्रमची विधवा थॉमसीन. त्याच्यामागे मी सचोटीने राहिले नाही. एका पुरुषाकडे गेले. रीतीप्रमाणे जमीन आजपासून माझी नाही. कारभाऱ्यांनी ऐकून ठेवावं."

इतकी शांतता या चर्चमध्ये देवासाठीसुद्धा झालेली नाही.

पाद्रीसाहेब म्हणाले, "कोण पुरुष?"

"नाव सांगितलं तर त्यालाही इथे उभं करावं लागेल," मी म्हटलं, "आणि त्याची बायको इथेच बसली आहे."

मग जे झालं ते मी विसरणार नाही. गावातल्या प्रत्येक बायकोने मान वळवून आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. आणि गंमत अशी की निम्म्या नवऱ्यांनी खाली पाहिलं. माझ्याकडे तर त्यातला एकही कधी फिरकला नव्हता. मी रोलंडकडे पाहिलं नाही. त्याच्या दिशेला जरा जास्त वेळ पाहिलं, एवढंच. त्याच्या बायकोने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो उठूनच उभा राहिला.

"कशाला वाढवता?" तो म्हणाला. "बाई स्वतः कबूल करते आहे. कारभारीसाहेब, जमीन वारसाची झाली. संपलं!"

कारभारी म्हणाला, "वारस तर कोठारात आहे."

"मग त्याला दंडवाल्यांत घाला!" रोलंड ओरडला. मंगळवारच्या आत मी पुन्हा तोंड उघडू नये, याची त्याला माझ्यापेक्षा जास्त घाई होती.

बाहेर आले तर कुणीतरी माझ्या पाठीवर चिखल फेकला. वळून पाहिलं. लॅटिन ऐकून रडणाऱ्या एलेनची बहीण. नेम चांगला होता.

१७ जानेवारी, मंगळवार

फौजदार आला. भांडी सांधणाऱ्या टॉमला चौकात फाशी दिली. दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून शिपाई कुरकुरले. त्याच्यासाठी कुणी काही कबूल केलं नाही. मीही नाही. माझ्याकडे एकच जमीन होती.

निनियनने शपथ घेतली, लंडनची राणी चिरायू होवो म्हणाला, दंड हप्त्यांनी ठरला. दुपारी तो घरी आला. त्याचंच घर आहे आता. दारात थांबला, आत यायला परवानगी मागावी तसा.

"कोण होता तो?" त्याने विचारलं.

मला वाटलं होतं, तो आधी जेवण मागेल.

"तू जिवंत आहेस ना? मग तो कोण होता ते कशाला?"

"मी थंडीत इतकं चाललो, वहिनी. मी कशासाठी चाललो माहीत आहे तुला?"

"कशासाठी?"

"मजुरीसाठी," तो म्हणाला.

तेच तर मी पहिल्यापासून म्हणत होते. त्याला सांगावंसं वाटलं की कुणीही नव्हता. पण त्याला तोंड बंद ठेवता येत नाही. बिअरच्या पहिल्या पेल्यात गावभर सांगेल आणि कारभारी जमीन परत घेईल. शिवाय आता मी बदफैली आणि तो एकटा पुरुष, एका छताखाली. आठवड्याभरात लोक त्याचं नाव जोडतील, आणि मग सगळं केलेलं वाया. म्हणून गप्प बसले. त्याने अर्धंच जेवण खाल्लं. अर्धं ठेवून चुलीकडे बघत बसला. आज मात्र त्याचे कान पांढरे होते.

१८ जानेवारी

आज सकाळी मी पायी डार्लिंग्टनच्या बाजारगावी आले आणि तिथल्या एका कापडवाल्याकडे लोकर पिंजण्याच्या कामाला लागले.